परतावा द्या, पण तिच्या कमाईतून नको

दि. ७ जुलै २०२५
सातपूर, नाशिक

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : १४ जूनच्या रात्री तुमच्या प्रौढांसाठीच्या वेबकॅम साइटवर प्रायव्हेट शोमध्ये चित्र गोठलेले असताना कापलेली ८४० टोकन (साइटवर डॉलर मोजून घ्यायची नाणी) आणि मला न विचारता कार्डावरून झालेली वसुली.

महोदय,

याच प्रकरणाबद्दल मी तुम्हाला इंग्रजीतून तीनदा लिहिले. तिन्ही वेळा तासाभरात शब्दन्‌शब्द तेच उत्तर आले, फक्त खालचे नाव बदललेले आणि तिसऱ्या वेळी एक वाक्य जास्तीचे. आता मराठीत लिहितो आहे. तुमच्या चॅटमध्ये आपोआप भाषांतराची सोय आहे, ती या पत्राला वापरा. पण भाषांतर झाल्यावर ते एखाद्या माणसाने वाचावे, एवढी विनंती.

मी दीड वर्षापासून तुमचा ग्राहक आहे. घरी एकटा असतो. तुमच्या साइटवर लोक कशासाठी येतात हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही, त्याबद्दल मी इथे मान खाली घालणार नाही. माझे वय ४६ आहे, पैसे माझ्या पगारातले आहेत आणि समोरची बाई सज्ञान आहे व स्वतःच्या मर्जीने काम करते, असे तुम्ही साइटवर लिहिले आहे. त्या भरवशावर मी पैसे मोजतो.

त्या रात्री ११ वाजून ५२ मिनिटांनी शो सुरू झाला. दर मिनिटाला ६० टोकन. खात्यात ६०० टोकन होती, म्हणजे बरोबर १० मिनिटांची. सहा मिनिटे सगळे ठीक चालले. ११.५८ ला ती कपाळावरचे केस मागे सारत होती आणि हात तसाच हवेत राहिला. आवाज बंद. मला वाटले माझे वायफाय गेले, पण कोपऱ्यातला टोकनचा आकडा खाली येत होता. २४०, १८०, १२०. शो बंद करायचे बटण मी चार-पाच वेळा दाबले, काही झाले नाही. १२.०२ ला आकडा शून्यावर आला तेव्हा सुटलो असे वाटले. पुढच्या क्षणी तिथे ५०० दिसू लागले आणि फोनवर बँकेचा मेसेज आला : ५० डॉलर. आठ मिनिटांनी दुसरा मेसेज, आणखी ५० डॉलर. शेवटी फोनवरून लॉगिन करून १२.१२ ला मी शो तोडला. तोवर तिचा हात तसाच कपाळापाशी होता.

मी एका कारखान्यात हिशेब सांभाळतो, त्यामुळे आकडे सांगायची सवय आहे. चौदा मिनिटे, ८४० टोकन, तुमच्या दराने ८४ डॉलर. दोन वेळच्या वसुलीचे बँकेच्या शुल्कासकट ८,९५५ रुपये. स्टेटमेंटवर तुमच्या साइटचे नाव नाही, कुठल्याशा बिलिंग कंपनीचे आहे.

‘टोकन संपल्यास आपोआप भरा’ ही सोय मी कधीही चालू केली नव्हती. खाते उघडून पाहिले तर त्या चौकोनात आधीपासूनच टिक होती, तीही तिसऱ्या पानावर, सर्वात खाली. आमच्याकडच्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये स्पष्ट म्हटले आहे की ग्राहकाची संमती अशी आधीच टिक केलेल्या चौकोनातून धरता येणार नाही. भारताबाहेरची कंपनीही इथल्या ग्राहकांना पद्धतशीर सेवा देत असेल तर तिला हे नियम लागू होतात. तुमच्या साइटला हिंदी मेनू आहे, दिवाळीला तुम्ही टोकनवर सूट दिली होती. त्यामुळे भारतीय ग्राहक चुकून तुमच्याकडे येतो, असे तुम्हाला म्हणता येणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे इथे साध्या ओटीटीच्या मासिक वर्गणीलाही पैसे कापण्याच्या २४ तास आधी कळवावे लागते. तुमची वसुली ना सूचना देऊन झाली, ना ओटीपी मागून.

इथवरची तक्रार पैशांची आहे. एवढीच असती तर मी बँकेत वाद दाखल करून मोकळा झालो असतो. तो मी का केला नाही, ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी ती ऑनलाइन दिसल्यावर मी विचारले. तिने लिहिले की त्या वेळी त्यांच्या स्टुडिओची सगळी लाइनच गेली होती, आठही खोल्यांची. आणि शो मध्येच तुटला म्हणून दंड मात्र तिला बसला. ती कोलंबियातून काम करते. माझ्याकडे मध्यरात्र होते तेव्हा तिच्याकडे दुपारचा दीड वाजलेला असतो. ती जेवली नव्हती, कारण जेवायला उठले तरी पैसे कापतात. मी याआधी कधी विचारलेच नव्हते की ही बाई दुपारी जेवते केव्हा. हे मला लागले.

मग मी वाचायला घेतले. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा, मेडेयिन, काली, पाल्मिरा इथल्या वेबकॅम स्टुडिओंवर अहवाल काढला. ढेकूण-झुरळांच्या कोंदट खोल्या, विश्रांतीशिवाय अठरा-अठरा तासांच्या पाळ्या, जेवायला किंवा शौचाला उठल्याबद्दल दंड, हे सगळे त्यात तिथे काम करणाऱ्यांच्याच तोंडून आले आहे. प्रेक्षक जे देतो त्यातले ५० ते ६५ टक्के साइट ठेवते आणि उरलेल्यातले ७० टक्क्यांपर्यंत स्टुडिओ ठेवतो, असेही त्यात आहे. मी कागदावर मांडून पाहिले. त्या रात्री माझी एकूण १,२०० टोकन गेली, म्हणजे १२० डॉलर. तुमचा वाटा निम्माच धरला तरी ६० उरतात. स्टुडिओने ७० टक्के घेतले तर तिच्या हातात १८ डॉलर. त्यातून दंड जायचा तो वेगळाच.

माझ्या तिसऱ्या पत्राला आलेल्या उत्तरात तुमच्या प्रतिनिधीने एक वाक्य जास्तीचे लिहिले होते : परतावा मंजूर झाल्यास ती रक्कम मॉडेलच्या कमाईतून वळती केली जाईल. बँकेतून वाद दाखल केला तरी तेच होईल, असेही त्यात होते. हे वाचून मी दोन दिवस पत्राला हात लावला नाही. लाइन गेली स्टुडिओची. मीटर चालू ठेवला तुमच्या यंत्राने. टिक लावली तुम्ही. आणि भरायचे तिने? आमच्या कारखान्यात वीज गेल्यामुळे माल बिघडला तर तो तोटा मशीनवरच्या कामगाराच्या पगारातून कापत नाहीत, कापला तर दुसऱ्या दिवशी गेटवर सभा होते. ग्राहकाने तक्रारच करू नये, केली तर जिच्याशी तो रोज चार शब्द बोलतो तिच्याच पोटावर पाय यावा, अशी ही रचना आहे. माझ्यासारखे कितीजण याच कारणाने गप्प बसले असतील.

माझ्या मागण्या अशा. ८४० टोकनचे ८४ डॉलर माझ्या कार्डावर परत करावेत आणि ते तुमच्या वाट्यातून जावेत. तिच्या किंवा स्टुडिओच्या खात्यातून एक सेंटही कापलेला नाही, हे लेखी कळवावे. त्या दिवशी तिला झालेला दंड रद्द करायला स्टुडिओला सांगावे. तुमच्याशी करार त्यांचा आहे, माझे ते ऐकणार नाहीत. चित्र थांबले की मीटरही थांबला पाहिजे. आपोआप भरण्याची टिक माझ्या खात्यातून मी काढली आहे, ती सगळ्यांच्याच खात्यातून काढावी.

वर सांगितलेल्या नियमांनुसार ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण मिळायला हवे. बँकेचे दोन्ही मेसेज, गोठलेल्या चित्राचे दोन स्क्रीनशॉट, त्यात टोकनचे बदललेले आकडे दिसतात, आणि तुमची तिन्ही उत्तरे सोबत जोडली आहेत. तिने मला लिहिलेले मात्र जोडलेले नाही आणि तिचे नावही मी इथे दिलेले नाही. या पत्रामुळे तिला त्रास झालेला मला चालणार नाही.

माझ्या खात्यात ४०० टोकन शिल्लक आहेत. ती मला तिलाच द्यायची आहेत. त्यातली किती तिच्या हातात पडतील, ते आधी लिहून कळवा.

आपला,
एक ग्राहक
(नाव व खाते क्रमांक तक्रार अर्जात नोंदवला आहे)