काका, त्या ६३.८ मीटरसाठी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

आपल्या क्लबाची मॉडेल रॉकेटांची उंचीची स्पर्धा झाली तो शनिवार उलटून चार दिवस झाले, तरी डोळ्यांसमोरून एक गोष्ट हलत नाही. मका कापून मोकळ्या झालेल्या त्या शेतात तुम्ही गुडघे टेकून बसला आहात, आणि एका दहा वर्षांच्या मुलीच्या तळहातावर तुमची जुनी टोपी छत्रीसारखी धरली आहे.

दुरून पाहणाऱ्याला त्यात काहीच दिसलं नसेल. म्हणून इथे उघडपणे लिहितो आहे. त्या तळहातावर रॉकेटमध्ये ठेवून उंची मोजणारा, जेमतेम दोन ग्रॅमचा अल्टिमीटर होता. सुरू केला की तो आधीच्या फ्लाइटची सर्वांत जास्त उंची डेसिमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या दहाव्या भागात, सांगतो, आणि तीही एका इवल्याशा दिव्याची उघडझाप करून. भर दुपारच्या उन्हात तो दिवा लागला की विझला, हे कळत नाही. शिवाय अशा काही अल्टिमीटरमधल्या दाब मोजणाऱ्या चकतीवर थेट ऊन पडलं तरी तिचं मोजमाप हलतं. दुसऱ्या कुणीही तो अल्टिमीटर स्वतःच्या ओंजळीत घेतला असता, दोन सेकंदांत आकडा टिपला असता आणि ‘पुढचा’ म्हणून हाक मारली असती. मागे रांग होतीच. तुम्ही टोपीची सावली धरलीत आणि म्हणालात, “तूच मोज. मराठीत मोजलंस तरी चालेल.”

सहा. थोडं थांबून तीन. मग आठ.

“म्हणजे त्रेसष्ट पूर्णांक आठ मीटर,” असं तुम्ही सांगितलंत आणि तिच्यासमोर लिहिलंत. मग बंद करून पुन्हा सुरू केलंत आणि दुसऱ्यांदा दोघांनी मिळून मोजलं. त्याच सकाळी दोनशे मीटरच्या वर गेलेल्या मुरलेल्या स्पर्धकाचा आकडाही तुम्ही असाच दोनदा मोजून घेतला होता. तिला ना सूट दिलीत, ना तिच्यावर संशय घेतलात. आम्हा मोठ्यांच्या घशात आवंढा आला तो या सारखेपणामुळे.

तिला आणि तिच्याबरोबरच्या पाच नवशिक्या मुलांना याआधी एका ठिकाणी काय ऐकावं लागलं होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. नाव घेत नाही. नोंदणीच्या टेबलावर रॉकेट उलटंपालटं करून बघितलं गेलं आणि सांगण्यात आलं, “हे स्पर्धेचं रॉकेट नाही. या वेळी फक्त बघा.” का नाही, हे कुणी सांगितलं नाही. नियमांची प्रत हातात ठेवली आणि पाठ फिरवली. त्या रॉकेटमध्ये दोन गोष्टी चुकल्या होत्या. मोटर, म्हणजे रॉकेटला वर ढकलणारी इंधनाची नळी, सैल होती आणि उड्डाणाच्या सळईवर, म्हणजे रॉडवर, सरकणारी नळी वाकडी चिकटली होती. मास्किंग टेपचे दोन वेढे आणि नवी नळी, एवढंच काम होतं. पंधरा मिनिटं लागली असती. त्या पंधरा मिनिटांसाठी सहा मुलं वर्षभर या छंदापासून लांब राहिली, याचा राग अजून माझ्या मनात आहे.

तुम्ही काय केलंत, ते नीट लिहितो. दुसऱ्या क्लबांतल्या मंडळींना ते जसंच्या तसं उचलता यावं.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही सगळ्यांना ‘ए’ मोटरवरच धरून ठेवलंत. मुलांना ‘सी’ हवी होती. ‘ए’ म्हणजे मोटरचा एकूण जोर जास्तीत जास्त २.५ न्यूटन-सेकंद, ‘बी’ ५ पर्यंत, ‘सी’ १० पर्यंत. दर अक्षराला जोर दुप्पट. तुम्ही फळ्यावर गणित मांडलंत: रॉकेट ३०० मीटरवर गेलं, सेकंदाला ५ मीटरने उतरलं, तर ६० सेकंद हवेत. वारा सेकंदाला ४ मीटर असेल तर ते २४० मीटर लांब, ओढ्यापलीकडच्या झाडांत. उंचीच्या स्पर्धेत अल्टिमीटर परत आला नाही तर उंची शून्य. हे एकदा कळल्यावर ‘सी’ मागणं आपोआप थांबलं. नवशिक्याला पहिल्या दिवशी आकडा घेऊन घरी जाता आलं पाहिजे, हा तुमचा हट्ट मला शंभर टक्के पटतो. रॉकेट हरवून रडत घरी गेलेलं मूल सहसा पुन्हा येत नाही.

मग मोटर बसवणं. इथे सर्वांत जास्त फ्लाइट बाद होतात. १८ मिलिमीटरच्या मोटरवर टेप इतकीच गुंडाळायची की ती अंगठ्याने जोर लावूनच आत जावी. सैल राहिली तर वर गेल्यावर इजेक्शन चार्ज, म्हणजे मोटरमधला शेवटचा छोटा स्फोट, रॉकेटच्या टोकाला, म्हणजे नोज कोनला, ढकलण्याऐवजी मोटरलाच मागे फेकतो, उतरताना वेग आवरणारा फितीचा स्ट्रीमर आतच अडकतो आणि रॉकेट भाल्यासारखं खाली येतं. नोज कोनची परीक्षा याच्या उलट: रॉकेट नोज कोनला धरून उचललं तर नुसत्या वजनाने सुटू नये, पण हलका झटका दिला की सुटावं. तुम्ही सहाही रॉकेटांवर हे मुलांकडून करून घेतलंत, स्वतः हात लावला नाहीत.

त्या मुलीचं रॉकेट मोटरशिवाय ३८ ग्रॅम भरलं, त्यातला बराच भार रंगाच्या तीन थरांचा. तुम्ही तिला रंग खरवडायला लावला नाहीत. “आज असंच उडव, पुढच्या वेळी एकच थर दे,” म्हणालात आणि त्या वजनाला साजेशी ए८-३ दिलीत. कागदासारखं हलकं रॉकेट घेऊन आलेल्या मुलाला मात्र ए८-५. दोन्ही मोटर एकाच जोराच्या, फरक शेवटच्या आकड्यात: जळून झाल्यावर किती सेकंदांनी चार्ज फुटणार. जड रॉकेट तीन सेकंदांत जवळपास शिखराला पोहोचतं. हलकं तेव्हा अजून चढत असतं, आणि भर वेगात स्ट्रीमर बाहेर पडला तर उंचीही जाते आणि नोज कोन धरून ठेवणारा दोराही तुटतो. त्याच मुलाला तुम्ही हेही समजावलंत की फार हलकं करूनही चालत नाही. पीस कितीही जोराने भिरकावलं तरी दोन हातांवर पडतं. मोटर बंद झाल्यावर हवेला कापत जायला थोडं वजन लागतंच, आणि प्रत्येक मोटरसाठी ते नेमकं किती, हे ओपनरॉकेटसारख्या फुकट मिळणाऱ्या संगणक प्रणालीत पाच-सहा वजनं घालून पाहिलं की दिसतं.

अल्टिमीटरसाठी नळीला तीन भोकं, प्रत्येकी सुमारे एक मिलिमीटरचं, तिन्ही सारख्या अंतरावर. भोकं नसतील तर आतली हवा उशिरा बाहेर पडते आणि उंची कमी दिसते. नोज कोनच्या सांध्याला अगदी लागून पाडली तर तिथल्या वेगवान हवेने आतला दाब खेचला जातो आणि आकडा खोटा येतो. म्हणून सांध्यापासून बरंच खाली, गुळगुळीत भागावर, आणि कडेचे तंतू बारीक पॉलिश पेपरने काढून. अल्टिमीटर फोमच्या तुकड्यात गुंडाळायचा, वेगळ्या दोऱ्याने बांधायचा. खाली न जळणाऱ्या वॉडिंग कागदाचे चार-पाच चौकोन सैल चुरगळून भरायचे, म्हणजे चार्जची काजळी वर येत नाही. तुमचा स्वतःचा अल्टिमीटर तुम्ही तिला दिलात, आणि गाठ बसली की नाही हे तिलाच ओढून पाहायला सांगितलंत.

फिनबद्दल, म्हणजे शेपटाच्या पंखांबद्दल, थोडक्यात. बाल्सा या हलक्या लाकडाचा उभा धागा पुढच्या कडेला समांतर हवा, नाहीतर उतरताना फिन मोडते. पुढची कड गोल, मागची धारदार. तीनही फिन कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळून खुणा केल्याशिवाय चिकटवू नयेत. वाकड्या फिनमुळे रॉकेट भिंगरीसारखं फिरतं आणि वर जायचा जोर फिरण्यात जातो. स्थिरतेसाठी तुमची जुनी परीक्षा: मोटर आणि अल्टिमीटर घालून रॉकेट दोऱ्याला तोलावर बांधायचं आणि डोक्याभोवती गरगर फिरवायचं. नोज पुढे राहिलं तर ठीक. नाहीतर नोजमध्ये थोडी मातीची गोळी.

शेवटी लाँच पॅडवर. तारांच्या क्लिपांना काजळी धरलेली असते, आणि दोन क्लिपा एकमेकींना टेकल्या की वीज मोटर पेटवणाऱ्या इग्नायटरपर्यंत पोहोचतच नाही. मुलांचा हिरमोड होतो तो बहुधा इथेच. तुमच्या खिशात पॉलिश पेपरचा तुकडा होता. दर फ्लाइटआधी क्लिपा घासल्या जात होत्या. तिचं बटण पहिल्यांदा दाबून काहीच झालं नाही, तेव्हा चावी काढून पूर्ण ६० सेकंद थांबायचा नियम तुम्ही तिला घड्याळात दाखवून पाळायला लावलात. मग वाऱ्यासाठी थांबलात. रॉड सोडताच रॉकेट वारा येतो त्या बाजूला मान वळवतं आणि उंची आडव्या अंतरात वाया जाते. खांबाला बांधलेली फीत लोंबेपर्यंत तुम्ही तिच्या शेजारी उभे होतात. “आता,” एवढंच म्हणालात. पाच, चार, तीन, दोन, एक.

मॉडेल रॉकेटवाल्यांची अमेरिकेतली संघटना, नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री, १९५७ मध्ये सुरू झाली, पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९ मध्ये कोलोरॅडोत भरली. त्या काळापासून उंची मोजायला शेतात दूर दूर दोन थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजणाऱ्या दुर्बिणी, मांडून माणसं उन्हात उभी राहायची. दोन्ही ठिकाणच्या कोनांवरून निघालेल्या उंचींत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला की फ्लाइट मोजदादीतून बाद. चांगलं उडालेलं रॉकेट केवळ कुणाच्या नजरेतून सुटलं म्हणून वाया जायचं. तुम्ही त्या थिओडोलाइटवरही वर्षानुवर्षं उभे राहिलात. बहुतेक म्हणूनच लुकलुकणाऱ्या दिव्याची एक उघडझापही तुम्हाला वाया जाऊ द्यायची नसते.

उंचीची स्पर्धा खरं तर नवशिक्याला सगळ्यांत जवळची. मोटर सगळ्यांना सारखी, चौदा वर्षांखालच्या मुलांचा विभाग वेगळा, आणि खर्च एका साध्या किटचा. तरी दर हंगामात तीच चार-पाच नावं फळ्यावर असतात. आपण जुन्या लोकांनी टेबलामागे बसून राहिल्याने ते झालं आहे, आणि त्यात मीही आलो. ज्याला सगळं येतं त्याने ज्याला काही येत नाही त्याच्या उंचीला खाली बसावं, इतका साधा भलेपणा आमच्याकडून का झाला नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्याकडून तो झाला. त्यासाठी मनापासून आभार, काका.

सहाच्या सहा मुलांनी पुढच्या महिन्यासाठी नावं दिली आहेत. तिने नव्या रॉकेटला रंगाचा एकच थर दिला आहे, रॉडची नळी फिनच्या कोपऱ्यात बसवली आहे, आणि वजन २७ ग्रॅमवर आणलं आहे. ए८-५ घेऊ का, असं तिने तुम्हाला विचारायला सांगितलं आहे. मी माझं मत दिलेलं नाही. तुम्ही तिलाच सांगा.

आपला नम्र,
क्लबातला एक सभासद