रतनगडाच्या पदभ्रमंतीबाबत तक्रार आणि परताव्याची मागणी

प्रति,
मा. महाव्यवस्थापक,
(इगतपुरी परिसरातील आपले हॉटेल)

विषय: ‘गाइडसह रतनगड पदभ्रमंती’ या सशुल्क सेवेतील त्रुटी

महोदय,

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघे (मी, माझे पती, अकरा वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे सासरे) आपल्याकडे मुक्कामाला होतो. खोली, जेवण, तरणतलाव, कशालाच नाव ठेवायला जागा नाही. तक्रार आहे ती माणशी ३,५०० रुपये घेऊन घडवलेल्या रतनगडाच्या ट्रेकबद्दल. समोरासमोर सांगितले तेव्हा ती हसण्यावारी नेली गेली, म्हणून हे पत्र.

आपल्या माहितीपत्रकात पहाटे साडेपाचला निघणार असे लिहिले आहे. गाडी आली सव्वाआठला. चालकाला आधी दुसऱ्या पाहुण्यांना आणायला पाठवले होते म्हणे. घोटी, बारी, शेंडी करत, आर्थर लेकला वळसा घालून रतनवाडीत पोचेपर्यंत साडेदहा वाजून गेले. ऑक्टोबरच्या उन्हात गड कधी चढायला घ्यावा हे तिथले शाळकरी पोरही सांगेल. अमृतेश्वराचे मंदिर आणि पुष्करणी ‘तज्ज्ञ माहितीसह’ दाखवणार होते. गाइडने मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले एवढे सांगितले आणि मोबाइलवर आमचा फोटो काढला.

हेही एक वेळ सोडून दिले असते. पण रतनवाडीतून प्रवरेच्या काठाने जंगलात शिरलेली वाट पुढे फुटते: एक फाटा गडाच्या शिड्यांकडे, दुसरा कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे. आपला गाइड बेधडक दुसऱ्या फाट्याने निघाला. बऱ्याच वेळाने समोरून डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई आली आणि तिनेच हटकले, “कुठं निघालात? गड मागं राहिला की!” गाइड मोबाइलवर नकाशा उघडायची धडपड करत होता, तिथे रेंज कुठली? शेवटी ती बाईच मोळीसकट आम्हाला फाट्यापर्यंत घेऊन आली. विचारल्यावर गाइडने प्रामाणिकपणे सांगितले की तो एरवी स्पाच्या काउंटरवर बसतो आणि रतनगडावर याआधी एकदाच आला आहे, तोही पाहुण्यांच्या घोळक्यात. त्या मुलावर माझा राग नाही. त्याला या कामावर पाठवणाऱ्यांवर आहे.

शिड्यांपाशी पोचलो तेव्हा एक वाजला होता, लोखंड तापले होते. गाइड आमच्या गटातल्या दुसऱ्या जोडप्याबरोबर पुढे चढून गेला आणि वरून ओरडला, “या हळूहळू!” सासरे शिडीच्या मधोमध थांबले. त्यांचा पाय थरथरत होता, मी त्यांच्या वर, पती मुलीला धरून पायथ्याशी. कॉलेजच्या मुलांना घेऊन आलेला रतनवाडीचा एक वाटाड्या मागून झरझर चढला, सासऱ्यांच्या खालच्या पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, “बाबा, तोंड शिडीकडं ठेवा. पाय मी लावून देतो.” एकेक पायरी करत त्याने त्यांना खाली आणले. आपल्या गाइडकडे दोर नव्हता, प्रथमोपचाराची पेटी गाडीत राहिली होती, आणि पाणी माणशी अर्धा लिटर. डब्यात क्रोसाँ आणि मफिन. त्या उन्हात मीठ-साखरेची पुडी द्यायची की मफिन, हे आपल्या शेफनाही कुणीतरी सांगावे.

आम्ही तिथूनच परत फिरलो. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर छापलेले नेढे (गडमाथ्यावरच्या कातळातले आरपार भोक) आम्हाला दिसले नाही.

रात्री ड्यूटी मॅनेजरना हे सांगितले, तर त्यांनी “गडावर असं होतंच” म्हणून स्पाचे व्हाउचर पुढे केले. असे होतेच, म्हणूनच तर गाइड लागतो. आणि ज्या वाटेवर रोज लाकूडफाटा आणणारी, गुरे चारणारी माणसे आहेत, तिथे गावातला माणूस सोबत घ्यायला आपल्याला काय अडचण आहे? आमच्याकडून घेतलेल्या रकमेच्या छोट्याशा भागात तो आला असता, आणि गावात चार पैसे राहिले असते.

माझी मागणी अशी: चौघांचे मिळून १४,००० रुपये पूर्ण परत करावेत, व्हाउचर नको. रतनवाडीचा माहीतगार वाटाड्या नेमेपर्यंत हा ट्रेक विकणे थांबवावे, आणि शिड्यांची कल्पना बुकिंगच्या वेळीच द्यावी. आम्हाला ‘सर्व वयोगटांसाठी सोपा’ असे लेखी कळवले होते.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवीन. तेवढ्यावर भागले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी राहते त्या ठाण्याच्या जिल्हा आयोगाकडे जाईन. त्यासाठी मला आपल्या जिल्ह्यात खेटे घालावे लागणार नाहीत, याची नोंद घ्यावी.

कळावे,
आपली,
(सही)

सोबत: पैसे भरल्याची पावती, ‘सर्व वयोगटांसाठी सोपा’ या संदेशाची प्रत, न वापरलेले स्पा व्हाउचर.