मिनिट पुरं होऊ दे

चि. बाळास,
आईचे अनेक आशीर्वाद.

काल तुझी गाडी सुटली. घरी आल्यावर तुझ्या खोलीतला दिवा मालवायला गेले आणि तिथेच बसून राहिले. मनात इतकं साठलंय की फोनवर सांगता यायचं नाही. फोनवर तू नुसतं 'हो आई, हो आई' करतोस. म्हणून वही ओढली.

यादी लागली त्या दिवशीचं आधी सांगते, तुला ते अर्धंच ठाऊक आहे. अंगणवाडीत लसीकरणाचं सत्र होतं. बायका पोरांना मांडीवर घेऊन बसलेल्या, आशा कार्यकर्ती म्हणून मी नावं पुकारत होते. तुझा फोन आला, 'आई, नंबर लागला. बी.एससी. नर्सिंग.' पुढचं मला ऐकूच आलं नाही. सिस्टर पेंटाचा डोस भरत होत्या, माझा चेहरा बघून त्यांना वाटलं घरी काही बरंवाईट झालं. मी सांगितलं. तरी त्यांनी हातातल्या बाळाला आधी लस दिली, कार्डावर तारीख लिहिली, आणि मगच उठून मला मिठी मारली. म्हणाल्या, 'आशाताई, आमच्यात एक ब्रदर आला!' ओळीत बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येईपर्यंत मी रस्त्यात भेटेल त्याला सांगत होते.

मामा काय म्हणाला ते तू ऐकलंसच. 'मुलगा होऊन नर्स?' तू काही बोलला नाहीस, मान खाली घातलीस, ते मला लागलं. मामाला उत्तर द्यायला तेव्हा मला सुचलं नाही, आता देते. आबांना अर्धांग झालं आणि आपण त्यांना कराडला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा तू लहान होतास. पहिले दोन दिवस सिस्टर अंग पुसायला आल्या की आबा भिंतीकडे तोंड करायचे, लाजेने डोळे मिटून घ्यायचे. आयुष्यभर शेतात राबलेला माणूस तो, त्याला ते सोसवेना. तिसऱ्या रात्री ब्रदर ड्यूटीवर आले. त्यांनी पडदा ओढला आणि म्हणाले, 'आजोबा, आता पाठ पुसतो. आता कूस वळवतो, घाबरू नका.' हात लावायच्या आधी दर वेळी सांगायचे. दर दोन तासांनी कूस बदलायचे, रात्री दोन वाजता आणि चार वाजतासुद्धा. आबा तीन आठवडे पडून होते, पण पाठीला एक जखम झाली नाही. घरी यायच्या दिवशी आबांनी डावा हात उचलून त्या ब्रदरांच्या डोक्यावर ठेवला. उजवा उचलत नव्हता. हे काम बाईचं की पुरुषाचं, ते आबांना विचारायला हवं होतं.

बायकांच्या वॉर्डात तुला उलटा अनुभव येईल. तिथे एखादी बाई तुला बघून पदर आवळून घेईल. मनाला लावून घेऊ नकोस. विचारल्याशिवाय हात लावू नकोस, आणि सिस्टरना सोबत घे.

आता त्या रात्रीचं. तुला ती किती आठवते कोण जाणे. तू दहा वर्षांचा होतास. श्रावणातला पाऊस, बाबा मुंबईला, तुला घरी एकटं ठेवायचं नाही म्हणून गृहभेटीला बरोबर नेलं. वरच्या आळीतलं सात दिवसांचं बाळ, जन्माच्या वेळी वजन 2 किलो 100 ग्रॅम. लाईट गेलेली. तू एका हातात बॅटरी धरलीस आणि दुसऱ्या हातात माझ्या किटमधलं घड्याळ. मी बाळाचं झबलं वर केलं आणि पोटाकडे बघत श्वास मोजायला लागले. अठ्ठावीस झाले. मी म्हटलं, 'बस, अर्धं मिनिट झालं, दुप्पट छप्पन्न, ठीक आहे.' मला घाई होती रे, अजून दोन घरं राहिली होती, चिखल होता. तू घड्याळावरून नजर न काढता म्हणालास, 'आई, मिनिट पुरं नाही झालं.'

मी परत मोजले. पुऱ्या मिनिटात त्रेसष्ट. पुन्हा मोजले, चौसष्ट. तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही, मध्येच थांबतो, मध्येच पळतो, म्हणून तर पूर्ण मिनिट मोजायला शिकवतात. साठ किंवा त्याच्या वर गेला की धोका. बॅटरी जवळ आणायला सांगितली, तर श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत होता. दूधही सकाळपासून नीट ओढत नव्हतं, पण सासूला वाटत होतं झोपाळू आहे. 102 ला फोन केला. बाळ आईच्या छातीशी, वरून घोंगडी, असं त्यांना गाडीत बसवलं. तो पोरगा आता तिसरीत आहे. काल तुला सोडायला स्टँडवर आला होता, लाल शर्टातला.

त्या रात्री मी अर्ध्या मिनिटावर थांबणार होते, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. तुला मात्र सांगायलाच हवं, कारण तुझ्याही हातून घाई होईल. वॉर्डात एका माणसाकडे कितीतरी पेशंट असतात, नाईटला डोळे मिटतात, नातेवाईक ओरडत असतात. तेव्हा तुझाच दहा वर्षांचा आवाज आठव. मिनिट पुरं होऊ दे. नाडी असो, श्वास असो, सलाईनचे थेंब असोत. आणि मोजलं की तिथल्या तिथे लिही. आमच्या सिस्टर म्हणतात, लिहिलं नाही ते केलं नाही.

दर 12 मेला आरोग्य केंद्रात फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंच्या फोटोला हार घालतात. सगळे दिव्याचंच बोलतात. पण एका वर्षी डॉक्टरसाहेबांनी सांगितलं की त्या बाई आकडेमोडीत फार हुशार होत्या. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मेले, हे त्यांनी मोजून काढलं आणि 1858 मध्ये त्याची रंगीत वर्तुळं काढून सरकारला दाखवलं. ते ऐकून मला माझं रजिस्टर आठवलं. दिव्याच्या उजेडात त्या नुसत्या फिरत नव्हत्या, बघत होत्या. त्या दिवसापासून रजिस्टर भरायचा मला कंटाळा येत नाही.

तुझं अॅनाटॉमीचं पुस्तक मी चाळलं. हाडांची एवढी नावं! पहिल्या सहामाहीत ते जड जाईल, इंग्रजीही जड जाईल. पण नर्सिंग फाउंडेशनमध्ये हात धुणं, अंथरूण घालणं, ताप-नाडी बघणं आलं की तू सुटशील. हात धुवायचं 'सुमन-के' तर तुला पाचवीपासून पाठ आहे. सीधा, उल्टा, मुठ्ठी, अंगूठा, नाखून, कलाई. जेवणाआधी म्हणत नाचायचास.

मला किती आनंद झालाय, ते लिहून कसं दाखवू? मी दहावीला थांबले. मला सिस्टर व्हायचं होतं, घरच्यांनी लग्न केलं. आशाचं काम मिळालं तेव्हा अंगावर गुलाबी साडी आली आणि थोडं तरी मिळाल्यासारखं वाटलं. पण माझ्यासाठी म्हणून तू जाऊ नकोस. यादी लागली तेव्हाचा तुझा आवाज मी ऐकलाय, तो तुझा स्वतःचा होता. म्हणूनच मी निवांत आहे.

बॅगेच्या पुढच्या कप्प्यात रुमालात गुंडाळलेलं घड्याळ आहे, सेकंदकाट्याचं. मनगटावर बांधू नकोस, खिशात ठेव, म्हणजे हात कोपरापर्यंत नीट धुता येतील. सेल नवा घातलाय. डब्यातले लाडू त्या लाल शर्टवाल्याच्या आजीने दिलेत, मी नाही केले. खोलीतल्या पोरांना वाट. त्यांच्यात कुणाचं घर लांब असेल तर त्याला दोन जास्त दे.

तुझी,
आई