एका बटणासाठी अर्धा लॅपटॉप बदलायचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातील नव्या मोबाइल-लॅपटॉपचे पान मी दोनदा वाचले. जाडी किती घटली, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे सारे त्यात तपशिलाने आहे. दुरुस्त करता येणाऱ्या लॅपटॉपची मात्र ‘हौशी ग्राहकांसाठी’ असे म्हणून चार ओळींत बोळवण केली आहे. हे शब्द मला मनापासून खटकले.

मी भाषांतराचे काम करते आणि इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या कीबोर्ड-मांडणीने मराठी टाइप करते. गेल्या महिन्यात माझ्या लॅपटॉपचे ‘एन’चे बटण निकामी झाले. इनस्क्रिप्टमध्ये त्याच बटणावर ‘ल’ आहे आणि शिफ्ट दाबले की ‘ळ’. ही दोन अक्षरे टाळून मराठीत धड एक परिच्छेद लिहून होत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये असे सांगण्यात आले, की कीबोर्ड वरच्या आवरणाला प्लास्टिकच्या रिव्हेटांनी कायमचा जोडलेला असल्यामुळे तो सुटा मिळत नाही, सबंध आवरणच बदलावे लागेल आणि त्याचे १७,४०० रुपये होतील. लॅपटॉप तीन वर्षांपूर्वी ५२,००० रुपयांना घेतलेला. शिवाय डेटा गेल्यास तक्रार करणार नाही अशा कागदावर सही मागितली आणि पासवर्डही लिहून मागितला. कीबोर्ड बदलायला पासवर्ड कशासाठी, हे मी तिघांना विचारले. एकानेही उत्तर दिले नाही.

माझ्या आधीच्या, २०११ साली घेतलेल्या लॅपटॉपचाही कीबोर्ड असाच बिघडला होता. लॅमिंग्टन रोडवरच्या कारागिराने तळाचे दोन स्क्रू काढले, कीबोर्ड उचलून खालची पट्टी सोडवली आणि नवा बसवून दिला. ९०० रुपये घेतले, आणि माझ्यासमोरच अर्ध्या तासात काम संपले. ही सोय तेव्हा साध्या लॅपटॉपमध्ये होती, तिच्यासाठी कोणी हौशी असावे लागत नव्हते.

‘फ्रेमवर्क’ ही लॅपटॉप बनवणारी कंपनी २०२१ पासून बॅटरी, पडदा, कीबोर्ड सुटे विकते आणि आतल्या भागांवर दुरुस्तीची माहिती देणारे क्यूआर कोड छापते, त्या अर्थी आजही हे अशक्य नाही. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून मोबाइल आणि टॅबलेटचे महत्त्वाचे सुटे भाग, विक्री थांबल्यावरही सात वर्षे उपलब्ध ठेवणे बंधनकारक आहे. लॅपटॉप त्या नियमात नाहीत, याची मला खंत वाटते. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने दुरुस्ती-सुलभतेच्या निर्देशांकाचा, म्हणजे वस्तू दुरुस्त करणे किती सोपे आहे हे सांगणाऱ्या गुणांकनाचा, अहवाल मे २०२५ मध्ये दिला. खरेदीच्या वेळीच हा निर्देशांक ग्राहकाला दिसावा, अशी त्यात शिफारस आहे. त्या शिफारशीचे पुढे काय झाले, हे वाचकांना सांगणे वृत्तपत्राचे काम आहे असे मी मानते.

तोवर आपल्या परीक्षणात एक चौकट वाढवावी, ही विनंती. बॅटरी आणि कीबोर्ड सुटे मिळतात का, मिळत असल्यास कितीला, आणि ते बदलायला काय काय उघडावे लागते, एवढेच त्यात द्यावे. तीन वर्षांपूर्वी अशी चौकट वाचली असती तर हा लॅपटॉप मी घेतलाच नसता. हे पत्र मी बाहेरून जोडलेल्या ६०० रुपयांच्या कीबोर्डवर लिहीत आहे.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली