पैठणची वाट

नौपाडा, ठाणे
२२ जानेवारी

प्रिय मेधा,

तुझ्या वर्गातल्या पोरांनी विचारलं ना, पैठणहून समुद्र एवढा लांब, मग सातवाहनांच्या काळात माल बंदरावर जायचा कसा? ती वाट मी चालून आलेय. दादा, वहिनी, सई आणि मी परवाच्या शनिवारी नाणेघाट चढलो आणि वर तंबूत राहिलो. तुला सगळं सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

पहाटे साडेचारला निघालो. भिवंडी बायपास, कोनगाव, आणि दुर्गाडीचा पूल ओलांडल्यावर दादाने गाडी कडेला घेतली. समोर उल्हास नदीची खाडी, अजून अंधारातच होती. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण घेतलं आणि इथे आरमाराची जहाजं बांधायला घेतली, हे आपण शाळेत शिकलो. पण त्याच्या दीड हजार वर्षांहूनही आधीपासून कल्याण हे बंदर होतं! तुझ्या पैठणचा माल घाट उतरून इथेच यायचा.

पुढे शहाड, मग रायता. तिथे पुलावरून पुन्हा उल्हास भेटते. नदीवर धुकं होतं, टपरीवर आल्याचा चहा घेतला. मुरबाडला मिसळ खाल्ली. सरळगाव सोडल्यावर मात्र आम्ही फार रेंगाळलो. भातकापणी कधीच झालेली, बांधाबांधावर पेंढ्याच्या उडव्या, आणि रस्त्याकडेला ठाकर बायका टोपल्या घेऊन बसलेल्या. वालाच्या शेंगा, मुळे, भेंडी. एका मावशीने शेंगा मोजून देताना वर आणखी दोन मुठी टाकल्या आणि म्हणाली, "डोंगरावं जाताय, भूक लागंल." मेधा, ठाणे जिल्हा म्हटलं की लोकांना घोडबंदरचे टॉवर आठवतात. मुरबाड तालुकाही ठाण्यातच आहे, हे ठाण्यातल्या माणसांनाही सांगावं लागतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

टोकावडे, वैशाखरे मागे टाकलं आणि हमरस्त्याला गाडी लावून पाठपिशव्या चढवल्या. सुरुवातीला ऐन-सागाचं रान, कोरडा ओढा, मग चढ. खरी मजा वरच्या टप्प्यात आहे. तिथे दगडी फरसबंदी अजून टिकून आहे. पावलांनी आणि खुरांनी गुळगुळीत झालेले काळे दगड. सईला एक दगड मधोमध खोलगट दिसला तर ती तिथेच बसली, उठेचना. अडीच-तीन तासांत वर पोचलो. वाटेला कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. ती व्यापाऱ्यांच्या तांड्यांसाठीच खोदलेली.

आणि मग ते लेणं. खिंडीच्या जरासं खाली. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख, सातवाहनांच्या नागनिका राणीचा. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची नावं आहेत आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाण्यांचे आकडे. आकडे शब्दांत नाहीत, चिन्हांत आहेत! आपण आज लिहितो त्या अंकांचे हे पूर्वज. दोनासाठी दोन आडव्या रेघा. दादाने टॉर्च तिरका धरला तशी अक्षरं उठून दिसली आणि सई कुजबुजत म्हणाली, "आत्या, हे तर हिशेबाचं पान आहे." तुझ्या पोरांना हेच सांग.

मागच्या भिंतीत राजघराण्याच्या मूर्ती होत्या. सिमुक, सातकर्णी, नायनिका (म्हणजे नागनिकाच), कुमार. मूर्ती फुटल्या, काहींची नुसती पावलं उरलीत. वर नावं मात्र कोरलेली आहेत. मी तिथे बराच वेळ उभी होते. ज्या राणीने एवढा खर्च दगडावर लिहवून घेतला, तिचा चेहरा आपल्याला कधीच दिसणार नाही. काही लोक अशा भिंतींवर स्वतःची नावं खरवडतात, लेण्यात चुली पेटवतात. हे मला सहन होत नाही. मुक्काम लेण्यात करायचा नाही, हे आम्ही घरूनच ठरवून निघालो होतो.

खिंडीतून वर आलं की तो दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात टाकायचे असं सगळे सांगतात. सूर्य कोकणात बुडेपर्यंत कड्यावर बसलो, मग घाटघरच्या बाजूला चालत गेलो. एका घरच्या आजोबांनी खळ्यावर तंबू लावू दिले. वालाच्या शेंगा ओवा-मीठ घालून उकडल्या, त्यांच्याकडून नाचणीच्या भाकरी आल्या. थंडी अशी की वहिनीने गेल्या वर्षी म्हशाच्या जत्रेत घेतलेली घोंगडी नसती तर आम्ही रात्रभर शेकोटीपाशीच बसलो असतो. डोक्यावर मृग, पलीकडे जीवधन किल्ल्याचा काळा आकार. आजोबा सांगत होते, त्यांचे वडील घाट उतरून पायी मुरबाडच्या बाजाराला जायचे.

मला तेव्हा उमगलं ते असं. १८६३ मध्ये रेल्वे बोरघाटातून वर चढली, १८६५ मध्ये थळघाटातून, म्हणजे कसाऱ्याच्या घाटातून. मोठी रहदारी तिकडे गेली आणि मधली ही वाट गावकऱ्यांपुरती उरली. म्हणून तर फरसबंदी शाबूत राहिली. तूही दरवेळी मनमाड-कसाऱ्यावरून रेल्वेनेच येतेस.

या खेपेला तसं करू नकोस. शेवगाव, अहिल्यानगर, आळेफाटा, ओतूर करत ये. मी जुन्नरला येऊन थांबते, तिथून घाटघर गाठू आणि नाणेघाट दोघी मिळून उतरू. दादा खाली वैशाखऱ्याला गाडी घेऊन येईल, मी त्याच्याशी बोललेय. मात्र फेब्रुवारीतच ये, मार्चमध्ये दगड तापतात आणि ओढ्याला थेंब नसतो. चांगली पकड असलेले बूट घे. सुट्टी कधी मिळतेय ते लगेच कळव.

तुझी,
वैजू