शिल्पं चौकात, शिल्पकार कुठे?

संपादक महोदय,

आपल्या दैनिकात चौक सुशोभीकरणाचे फोटो अधूनमधून येतात. फोटोखाली चौकाचं नाव असतं, फीत कुणी कापली ते असतं, मागे उभ्या असलेल्यांचीही नावं असतात. शिल्प कुणी घडवलं ते मात्र नसतं. त्यासाठी बातमीदाराला तरी काय बोल लावणार? तिथल्या कोनशिलेवरच ते नसतं.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात फॅब्रिकेशनचं काम करून निवृत्त झालेला माणूस. कलेतलं मला फार कळतं असं नाही, पण वेल्डिंग कळतं, पत्रा कळतो. ओतकामातला एक जुना जोडीदार आणि मी, आम्ही दोघं सकाळच्या फेरीत नवी मुंबईतली शिल्पं बघत हिंडतो. त्याला एक खोड आहे. शिल्पाजवळ गेला की तो बोटाच्या पेरानं वाजवून बघतो. एका चौकात ब्राँझच्या रंगाचं कोळी जोडपं उभं आहे. त्यानं कोळणीची पाटी वाजवली आणि म्हणाला, "हे ओतलेलं नाही रे. फायबर आहे, वरून रंग मारलाय." वाकून पाहिलं तर पाटीच्या काठावरचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत वरचा थर, उडून आतले काचेचे तंतू बाहेर आलेले. फायबर वाईट नव्हे. हलकं असतं, ब्राँझच्या मानानं पुष्कळ स्वस्त पडतं, साच्यातून झटपट निघतं. पण उन्हानं त्याचं वरचं कातडं पिठूळ होतं, मग घासून नवा थर द्यावा लागतो. मूळ थर कसला होता, रंग कुठला वापरला, हे विचारायचं कुणाला? नाव टाकायचं ते शिल्पकाराला बरं वाटावं म्हणून नव्हे. दुरुस्तीच्या दिवशी त्याचा पत्ता लागायला हवा.

फ्लेमिंगो तर आपल्याकडे पावलोपावली. ते साहजिकच आहे, ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला. भंगारातून केलेला एक फ्लेमिंगो मला मनापासून आवडतो. त्याच्या पंखात सायकलच्या चेनी आहेत, बेअरिंगच्या रिंगा आहेत, गळ्याचा बाक एकाच नळीतून काढला आहे. तसा बाक न चेपता काढणं म्हणजे खेळ नव्हे. करणाऱ्याचा हात चांगला तयार होता. पण पायाशी साध्या लोखंडात स्टेनलेसचे नट-बोल्ट पिळले आहेत. खाडीच्या खाऱ्या दमट हवेत हे दोन धातू एकमेकांना चिकटले की साधं लोखंडच आधी खाल्लं जातं. तळाला पाणी निघून जायला भोकही नाही, त्यामुळे पावसाळाभर नळीत पाणी साचतं. एका सकाळी एक पोरगा त्याच गंजावर गुलाबी रंगाचा फवारा मारत होता. खरवडणं नाही, प्रायमर नाही. विचारलं तर म्हणाला, "काका, तपासणी आहे, आजच्या आज गुलाबी दिसायला पाहिजे."

मुलीकडे लंडनला गेलो होतो तेव्हा तिनं मला 'द लाइन' या वाटेवर नेलं. २०१५ मध्ये सुरू झालेली ही शिल्पांची वाट ऑलिम्पिक पार्कपासून ग्रिनिचपर्यंत कालवे, जुन्या गोद्या आणि नदीच्या कडेनं जाते. बराचसा भाग एके काळचा कारखान्यांचा, म्हणजे आपल्यासारखाच. शिल्पं बघायला पैसे पडत नाहीत, मधे नदी केबल कारनं ओलांडायची तर तेवढं तिकीट. सुरुवातीलाच आपल्या मुंबईत १९५४ मध्ये जन्मलेल्या अनिश कपूर यांचा ११४.५ मीटर उंच लाल मनोरा लागतो. मला तो पटला नाही, खरं सांगायचं तर सांगाड्याचा गुंता वाटला. पण रिचर्ड विल्सन यांचं जहाज पाहून मी जागीच थबकलो. समुद्रातली वाळू उपसणारं खरंखुरं जहाज उभं कापून त्याचा साधारण १५ टक्के भाग तेवढा ठेवलाय आणि तो थेम्सच्या पात्रात उभा आहे. कापाच्या कडेला आतल्या खोल्या उघड्या पडलेल्या दिसतात. शिल्पकार कोण, शिल्प कशाचं, कधीचं, हे मुलीच्या मोबाइलमधल्या नकाशावर होतं, म्हणून तर मला आज नाव आठवतंय. कळवा-मुंब्र्याच्या रेतीबंदरावर वाळूच्या होड्यांचा राबता ज्यांनी पाहिलाय, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

लंडन लांब राहिलं, काळा घोडाच घ्या. इंग्रज राजाचा घोड्यावरचा जुना पुतळा १९६५ मध्ये हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला, २०१७ मध्ये काळा घोडा भागात स्वार नसलेला नवा घोडा आला आणि तो श्रीहरी भोसले यांनी घडवला, हे विचारलं की सांगता येतं. (त्याच राणीच्या बागेत घारापुरीचा दगडी हत्तीही आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. आपल्या खाडीतलं इतकं जुनं शिल्प आणि ते पाहायला आपण भायखळ्याला जायचं!)

आपल्याकडे दुसरी अडचण पोहोचण्याची. शिल्प बसवायचं गोल चौकाच्या मधोमध, भोवती कठडा, कठड्याभोवती चारही बाजूंनी गाड्या. झेब्रा पट्टी नाही. आत पाय ठेवला की कुणीतरी हटकतं. म्हणजे ते शिल्प फक्त गाडीतून दोन सेकंद बघण्यासाठी केलेलं असतं. पुढची शिल्पं तरी पदपथाच्या कडेला, बागेच्या तोंडाशी किंवा स्टेशनबाहेर बसवावीत.

लंडनसारखी शिल्पांची वाट आपल्याकडे आखायची तर बेलापूरपासून सुरुवात करावी. स्टेशन आहे, किल्ला आहे, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात आखलेली आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत आहे. तिथली बरीच मूळ घरं पाडून बंगले झाले, तरी अंगणाभोवतीची रचना अजून समजते. पारसिकच्या डोंगरातला काळा दगड वर्षानुवर्षं खडी करून विकला, त्यातला एखादा धोंडा एखाद्या पाथरवटाच्या हाती दिला तर वाटेचा पहिला मुक्काम तयार. ठाणेकरांना मासुंदा तलावाच्या काठानं गडकरी रंगायतनपर्यंत असंच काही करता येईल, त्यांचं ते बघून घेतील.

पाटीवर चारच गोष्टी पुरेत: शिल्पकार, कारागीर, धातू किंवा दगड, साल. कारागीर विसरू नका, शिल्पकार कल्पना देतो, पण वेल्डर रात्र जागतो. पाटी स्टेनलेसची करणार असाल तर ३०४ ग्रेडचा पत्रा नको, खाडीकाठी त्यावर तपकिरी डाग येतात. ३१६ घ्यावं, त्यात मॉलिब्डेनम हा धातू असतो, ते मिठाला जास्त टिकतं. अक्षरं कोरून घ्यावीत, स्टिकर लावू नयेत. आमचं वर्कशॉप आता पुतण्या चालवतो. पहिल्या शिल्पाची पाटी आम्ही पदरचा पत्रा घालून करून देऊ, मजकूर मात्र संबंधितांनी खातरजमा करून द्यावा.

आपला,
एक निवृत्त फॅब्रिकेटर, कोपरखैरणे