गट पाडलेस, आता काम वाट

सातारा,
१२ डिसेंबर

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

परवा तू फोनवर म्हणालास, "वर्गात मुलांचे गट पाडले की दोघं लिहितात आणि बाकीचे खिडकीबाहेर बघत बसतात." त्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं.

सहा जणांना गोल बसवून एकच प्रश्न दिला, तर असंच होणार. ज्याला येतं तो लिहून मोकळा होतो, त्याला इतरांची गरजच पडत नाही. 'मिळून करा' असं मुलांना सांगत बसू नकोस. कामच असं वाटून दे की एकमेकांवाचून अडेल.

याची मला सगळ्यात पटलेली रीत म्हणजे जिगसॉ. १९७१ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने ती बसवली. गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं तिथे नुकतीच एका वर्गात आली होती आणि शाळांमध्ये मारामाऱ्या चालू होत्या. अ‍ॅरन्सनने धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एकेक दिला. उरलेला धडा सोबत्यांच्याच तोंडून ऐकायचा, दुसरी वाट नाही. मग अडखळणाऱ्याला हसून चालेना, त्याला नीट प्रश्न विचारावे लागले.

मी सहावीला 'खडकांचे प्रकार' असाच घेतला. चौघांचा गट, प्रत्येकाला धड्याच्या एका तुकड्याची चिठ्ठी: एकाला अग्निजन्य, एकाला स्तरित, एकाला रूपांतरित आणि चौथ्याला खडकांचे उपयोग. आधी सगळे 'अग्निजन्य'वाले एकत्र बसून आपला तुकडा पक्का करतात, तसेच बाकीचेही. मग आपापल्या गटात परतायचं, चिठ्ठ्या माझ्याकडे जमा करायच्या आणि पुस्तकं बंद.

ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आलेली एक मुलगी वर्गात आहे. ती सहसा तोंड उघडत नाही. तिच्या वाट्याला अग्निजन्य आला. गटात आल्यावर ती गप्पच. शेजारचा मुलगा म्हणाला, "सर, हिला येत नाही, मी पुस्तकातून वाचू?" मी म्हटलं, "माहिती तिच्याकडे आहे, तिला विचार." नाइलाजाने त्याने विचारलं, "लाव्हा थंड झाल्यावर काय होतं?" तिने पुढ्यातला खडीचा तुकडा उचलला. "ह्योच. आमच्या कोपीपाशी बी हाय." मग म्हणाली, "त्यातला एक दगूड पाण्यावर तरंगतो." त्याला खरं वाटेना. का तरंगतो, कसा तरंगतो, प्रश्नांवर प्रश्न. "त्याला बारीक बारीक भोकं असत्यात, आत हवा असती." त्याने ते मुकाट्याने वहीत लिहून घेतलं. त्या तरंगणाऱ्या दगडाबद्दल, म्हणजे प्यूमिसबद्दल, मी वर्गात एक शब्दही बोललो नव्हतो, सगळं तिने चिठ्ठीतून उचललेलं!

शेवटी चाचणी मात्र ज्याची त्याने द्यायची. गटाला मिळून गुण देणं मला अन्यायाचं वाटतं, आणि आळशांचं तेवढ्यावरच फावतं.

एक पथ्य पाळ. ज्या धड्यात पुढचं मागच्यावर उभं असतं, तो असा तोडू नकोस. भूमितीची सिद्धता तोडली, तर तिसरा तुकडा मिळालेल्या पोराला काहीच कळणार नाही.

तुझ्या वर्गात साठ मुलं आणि बाकं हलत नाहीत, मग रोजच्यासाठी जोडीचं काम बरं. प्रश्न विचारायचा, आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचं आणि नंतर वर्गाला सांगायचं. फ्रँक लायमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली. यातली सुरुवातीची शांतता गाळू नकोस. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक बाईंनी वर्गांचं निरीक्षण केलं, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबत होते. ते तीन सेकंद थांबू लागले तेव्हा उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. वर्गाला कोण सांगणार ते हात वर करणाऱ्यांवर सोडू नकोस, हजेरी क्रमांकाच्या चिठ्ठ्या काढ. आपलाही नंबर निघेल म्हटल्यावर दोघंही तयारीत राहतात.

गोंगाट होईलच. तू हात वर केलास की सगळ्यांनी हात वर करून थांबायचं, एवढी खूण पहिल्याच दिवशी ठरवून टाक. मुख्याध्यापकांनी विचारलं तर त्यांना वर्गात बोलाव आणि एखाद्या गटाशेजारी बसव.

आठवीचा कुठला धडा आधी घेतोस ते कळव. चिठ्ठ्या मी पाडून पाठवतो, तुला फक्त झेरॉक्स काढायला लागेल. वहिनींना नमस्कार, चिमुकलीला गोड पापा.

तुझा,
विनायक